दोन टिचक्या

सासऱ्याने पलंगाच्या लाकडी कडेवर दोन टिचक्या मारल्या की सून भिंतीवरचं बटण बंद करायची. फळीवरच्या पांढऱ्या डब्याचे हिरवे दिवे विझायचे, आणि समोर छताच्या कोपऱ्यात बसवलेल्या कॅमेऱ्याचा निळा ठिपका तांबडा व्हायचा. तांबडा ठिपका दिसल्याशिवाय म्हातारा पांघरूण सोडायचा नाही. मग ती कोमट पाण्याचं घमेलं पुढे ओढायची आणि कामाला लागायची.

काम तसं रोजचंच, पण माणूस मोठा होता. सगळं आयुष्य गवंडीकाम केलेला. अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या हातच्या होत्या आणि अजून एकही कललेली नव्हती. पावसाळा सरता सरता झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. अंगावरचं मांस उतरलं तरी हाडांचं वजन कुठे जातं? सून गुडघा पलंगावर रोवायची, एक हात त्याच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालायची आणि श्वास धरून त्याला कुशीवर करायची. घाण पुसायची, कापड बदलायची, पाठीला कुठे जखम धरत नाही ना ते बोटांनी चाचपायची, काखेत, जांघेत पावडर टाकायची. तेवढा वेळ तो छताकडे बघत राहायचा. हूं की चूं नाही. तीही काही बोलायची नाही. एरवी ती बडबडी बाई होती, पण त्या वेळी तिचं तोंड आपोआप मिटायचं.

झालं की हात धुवून, साबणाच्या ओल्या हातानेच ती बटण लावायची. डबा उठायला वेळ घ्यायचा. एकेक दिवा लागेपर्यंत ती सासऱ्याचे केस विंचरायची, उशी नीट करायची, पांघरूण छातीपर्यंत ओढायची. ठिपका निळा झाला की शहरातल्या लेकीला आपला बाप स्वच्छ, नीटनेटका दिसायचा.

लेकीच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बापाला झटका आला तेव्हा ती धावत आली, उशाशी बसून राहिली, रडली. पण नोकरी किती दिवस वाट बघणार? जाताना तिने छपरावर इंटरनेटची थाळी बसवून घेतली, डबा आणला, कॅमेरा लावला. ऑफिसात तिच्या कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात दिवसभर बापाचा पलंग दिसायचा. मधूनच कॅमेऱ्यातून तिचा आवाज यायचा, "बाबा, जेवलात का?" आणि म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा हसायचा. दुसरा अर्धा हसू शकत नव्हता. दिवसभरात त्याला तेवढंच एक सुख होतं, आणि ते त्याला हवं होतं.

पहिल्या दिवशी सुनेने काम करताना कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला होता. घमेलं भरायच्या आत फोन वाजला. हात अडकलेले, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"वहिनी, कॅमेऱ्यावर काय पडलंय?"

"टॉवेल टाकलाय, ताई. बाबांना साफ करतेय."

"मग टॉवेल कशाला? मी काय परकी आहे? लेक आहे त्यांची. पाठीला जखमा होतायत का तेच तर मला बघायचंय. काढा बघू तो."

टॉवेल काढावा लागला. निळ्या ठिपक्यासमोर तिने सासऱ्याला उघडं केलं, पुसलं, झाकलं. वरून आवाज येत होता, "हं, अजून जरा कुशीवर घ्या. झालं का, वहिनी?" म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे केलं ते संध्याकाळपर्यंत वळवलं नाही. लेकीसमोर ज्याने कधी अंगातला शर्ट काढला नव्हता, त्या माणसाचं काय झालं असेल ते सुनेला त्याच्या मानेच्या शिरांवरून कळलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी नेमकी साफसफाईच्या वेळी गावातली वीज गेली. परत आल्यावर लेकीचा फोन आला, तो कंपनीला शिव्या देणारा. "लाइनच गेली मधे. कसली भिकार सेवा आहे ही." घरच्या कुणाला एक शब्द नाही. फोन ठेवला तेव्हा म्हातारा सुनेकडे बघत होता. त्याने डावा हात उचलला, बटणाकडे बोट दाखवलं आणि पलंगाच्या कडेवर दोन टिचक्या मारल्या.

"अहो बाबा, त्यापेक्षा मी ताईंना सरळ सांगते की," ती म्हणाली.

त्याने तिचं मनगट धरलं. दगड उचलून उचलून घडलेला तो हात, अर्धा माणूस गेला तरी त्या हातातली ताकद गेली नव्हती. ती "नाही सांगत, नाही सांगत" म्हणेपर्यंत त्याने सोडलं नाही. वळ उठले. मुलीला सांगायचं म्हणजे आपल्याला तिच्यासमोर लाज वाटते हेच सांगायचं, आणि ते त्याला त्या उघड्या अंगापेक्षाही नको होतं.

नवऱ्याला तिने सांगितलं नाही. माणूस चांगला, पण त्याच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी कळलं तर दुपारी बहिणीला फोन करून मोकळा झाला असता.

तशात त्या वर्षी थंडीच्या ऐन तोंडावर नको तेव्हा पाऊस पडला. बटाटा काढणीला आलेला, आणि जमीन चिखल होऊन बसली. जमिनीतल्या जमिनीत बटाटा सडायला लागला. कुदळ मारली की चांगल्या मालाच्या आधी वास वर यायचा. नवरा-बायको पहाटे शेतात उतरायचे, तो खणायचा, ती वेचायची. सडका एका बाजूला, बरा एका बाजूला. चिखलाने बोटांना चिरा पडल्या आणि त्यात माती बसून काळ्या रेघा झाल्या. मधेच ती घराकडे पळायची, सासऱ्याचं करायची, पुन्हा शेतात. त्या हातांनी त्याला पुसताना तिच्या चिरांना पाण्याने आग व्हायची आणि त्याला तिची बोटं खरखरीत लागायची. दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरीला सवड नव्हती.

लाइन जाते म्हणून लेकीने नेटवाल्याला पाठवलं. किडकिडीत, खांद्यावर वायरींची भेंडोळी आणि तोंडाला कुलूप नाही असा इसम. आल्या आल्या शिडी लावून छपरावर चढला.

"हवा बघा ना कशी झालीय. हवेत ओल असली की सिग्नल दमतो," वरून तो म्हणाला. "किती वेळ जाते?"

"थोडाच वेळ," नवरा खालून म्हणाला. "जाते आणि येते. माझ्यासमोर कधी गेली नाही."

"तेच अवघड असतं. कायमची गेली की बरं असतं, सापडते. ही अशी थोडी थोडी जाणारी लाइन माणसाचा जीव खाते."

त्याने थाळी इकडून तिकडे फिरवली, जोड उघडून गंज खरवडला, खालपर्यंतची वायर बदलली. पाण्याची मोटर चालू करून बघितली, बंद करून बघितली. डब्याला नवीन चार्जर लावला. सून दारात उभी राहून सगळं बघत होती आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं की आता सांगून टाकावं. हा बिचारा गारठ्यात छपरावर लोंबकळतोय, आणि दुखणं कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे.

"कावळा बसत असेल थाळीवर," नवऱ्याला सुचलं.

"बसू शकतो," नेटवाला गंभीरपणे म्हणाला.

मग दोन दिवस नवऱ्याने कावळे हाकलले. छपरावर चकाकणाऱ्या पट्ट्या बांधल्या, अंगणात खड्यांचा ढीग करून ठेवला. शेजारी विचारायचे, "काय हो, कावळ्यांशी काय भांडण काढलंत?" तो वैतागून म्हणायचा, "आमच्या बहिणीला दिसत नाही त्यांच्यामुळे." गावाला हसायला तेवढं पुरलं.

कावळे गेले, लाइन जातच राहिली. नेटवाला पुन्हा आला तो रस्त्यावरच थांबला. मोटरसायकलवर बसल्या बसल्या त्याने टेकडीवरच्या टॉवरकडे बोट केलं, मग थाळीकडे, आणि मधे आडव्या आलेल्या तुतीकडे.

"वारा आला की ही फांदी मधे येते. थोडा वेळ जाते, येते. बरोबर जुळतंय. झाड उतरवा."

तुती म्हाताऱ्याच्या खिडकीसमोर होती. ती त्याने लावली नव्हती, आपोआप उगवलेली. पण घर बांधताना तिच्याच सावलीत त्याने विटा भिजवल्या होत्या, आणि पलंगावर पडल्यापासून तो दिवसभर तिच्याकडे बघत असायचा. पानं झडलेली होती, तरी बघायचा. सुनेला चटका बसला. नवरा कुऱ्हाडीला धार लावत बसला तेव्हा ती आत गेली आणि कॅमेऱ्यातून लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून सासऱ्याच्या कानाशी वाकली.

"बाबा, झाड जाईल हो. सांगू का?"

त्याने खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली, नाही.

झाड पडायला दुपार गेली. नवरा रोज खणून आंबलेला, तळहातांना फोड, तरी त्याने बहिणीसाठी ते केलं. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव घरात ऐकू येत होता. म्हाताऱ्याने डोळे मिटले नाहीत. झाड आडवं झालं तेव्हा खोलीत एकदम उजेड आला, आणि त्या उजेडात त्याचा चेहरा किती उतरलाय ते सुनेला पहिल्यांदाच नीट दिसलं.

संध्याकाळी त्याने दोन टिचक्या मारल्या. तिने बटण बंद केलं. बाहेर नवरा फांद्या ओढत होता, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला.

त्यानंतर लेकीचा सूर बदलला. आधी ती कंपनीवर चिडायची, आता नुसती विचारायची. कोण घरात होतं, दादा कुठे होता. एकदा लाइन परत आली तेव्हा तिला बापाच्या दंडावर लाल डाग दिसला. कुशीवर करताना सुनेचा अंगठा रुतला होता. म्हाताऱ्यांची कातडी तेवढ्यानेही डाग धरते. वरून आवाज आला, "वहिनी, हे काय लागलं त्यांना?"

"कुशीवर घेताना धरलं, ताई."

"इतकं जोरात?"

सुनेने घमेलं उचललं आणि मोरीकडे नेलं.

रात्रीच्या जेवणाआधी बहिणीने भावाला फोन केला. त्याने नेहमीसारखा तो बापाच्या खोलीत बसून स्पीकरवर लावला. आपल्याला काय ऐकायला मिळणार आहे हे त्याला कुठे ठाऊक होतं?

"दादा, तू शेतात असलास आणि वहिनी घरात असल्या की लाइन जाते. तू घरात असलास की जात नाही. मी काही बोलत नाही, तूच विचार कर. इथे एक जागा बघितलीय मी. बायका असतात सेवेला, दिवसरात्र. पुन्हा असंच होत राहिलं तर मी बाबांना घेऊन जाणार आहे."

नवऱ्याने फोन ठेवला आणि खाली बघत राहिला. म्हातारा पलंगाची कड घट्ट धरून होता. हे घर त्याने स्वतः बांधलेलं, शेवटचा श्वास इथेच जावा एवढी एकच गोष्ट त्याने झटका यायच्या आधी दहादा बोलून दाखवली होती. ती त्या खोलीत सगळ्यांना पाठ होती.

नवरा बायकोच्या मागे मागे चुलीपाशी आला. आवाज न चढवता त्याने विचारलं, "खरं सांग. तू काय करतेस त्यांना?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वतःच्या मुलीचं लग्न लावून झालं, आणि हा माणूस हे विचारतो. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"हगणं-मुतणं काढते," ती म्हणाली. "तुम्ही एकदा काढून बघा."

तो बाहेर गेला. बापाच्या अंगाला त्याने कधी हात लावला नव्हता. त्याचा धीर व्हायचा नाही.

सकाळी ती घमेलं घेऊन सासऱ्यापाशी उभी राहिली. "बाबा, आज राहू दे ना चालू. ताई घेऊन जातील हो तुम्हाला." तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, ऐकलं. मग टिचकी वाजली, आणि मागोमाग दुसरी. तिने बटण बंद केलं. करणार काय?

नेटवाला पुन्हा आला तो या वेळी पेटी घेऊन. आधी छपरावर चढला नाही. मोबाईलवर डबा कधी चालू, कधी बंद याचा सगळा हिशोब उघडून दाराशी उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच गप्प राहिला. नवरा शेतात होता. थोड्या वेळाने नेटवाला उठला, बटणापाशी गेला आणि वाकून बघायला लागला. पांढऱ्या बटणावर साबणाचा सुकलेला थर होता, बोटाच्या आकाराचा.

"वहिनी, जरा बाहेर या," तो म्हणाला.

तुतीच्या बुंध्यापाशी उभा राहून तो हळू आवाजात बोलला. "सिग्नल तुटला तर डबा चालू राहतो, नुसता शोधत बसतो. हा दर वेळी विझलाय. म्हणजे वीज काढलीय कुणीतरी. आणि गावात तेव्हा वीज होती."

तिने सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती, त्यामुळे भराभरा आणि उलटसुलट सांगितलं. टॉवेल, टिचक्या, मनगट. तो ऐकत होता आणि बुंध्यावर नखाने ओरखडे काढत होता. झाड पाडायला त्यानेच सांगितलं होतं, हे दोघांनाही आठवत होतं.

"माझे वडील असेच गेले," तो म्हणाला.

"मग आता?"

"मी ताईंना सांगत नाही. वीज मधे मधे जात होती, एवढंच सांगतो. पण वीज गेली तरी डबा चालू राहावा म्हणून मला ही बॅटरीची पेटी लावायला पाठवलंय. ती लावली नाही तर दुसरा कुणी येऊन लावेल, आणि तो तुमच्याशी असं बोलणारही नाही."

त्याने पेटी लावली. बटण काढून टाकलं, तिथे कोरी पट्टी बसवली. डबा आणि बॅटरी लोखंडी खोक्यात गेली, खोक्याला कुलूप लागलं आणि किल्ली लेकीच्या सांगण्यावरून तो घेऊन गेला. कॅमेऱ्याची वायरही त्यातूनच ओढली. जाताना तो म्हाताऱ्याला नमस्कार करायला थांबला नाही, मान खाली घालून गेला.

दुपारी दोन टिचक्या वाजल्या.

"बाबा, आता नाही बंद होत," सून म्हणाली.

त्याला कळलं नाही. पुन्हा दोन. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून, पदर पसरून, जमेल तेवढी आड उभी राहिली. पण कॅमेरा उंचावर होता आणि तिच्या डोक्यावरून सरळ पलंगात बघत होता. वरून आवाज आला, "बघा, लाइन कशी छान राहिलीय आज. किती पारोसे दिसतायत बाबा. झालं का, वहिनी?" म्हाताऱ्याने पुन्हा टिचक्या मारल्या, जोरात, नख तुटेल अशा. मग थांबला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने पाणी सोडलं.

आधी सुनेच्या लक्षात आलं नाही. दोन घोट घेतले, तिसऱ्याला ओठ मिटले, असं होतंच कधी कधी. मग एकही घोट आत जाईना. पेज भरवली तर कडेने बाहेर. ती चमचा घेऊन बसायची, तो तिच्याकडे शांतपणे बघायचा, रागाने नाही. आत काही गेलं नाही तर बाहेर काही येणार नाही, आणि बाहेर काही आलं नाही तर पांघरूण उचलावं लागणार नाही. साधा हिशोब होता. तो कळला तेव्हा तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, असं करू नका," ती विनवायची. "माझ्यासाठी प्या."

वरून लेकही म्हणायची, "बाबा, पाणी प्या ना हो." आवाज आला की त्याचा अर्धा चेहरा हसायचा. ओठ मात्र मिटलेलेच.

लेकीला स्वच्छ दिसत होतं. क्षणभरही लाइन जात नव्हती. वहिनी चमचा पुढे करते आणि बाबा तोंड फिरवतात, हे तिने ऑफिसात बसून दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तिने भावाला फोन केला. "ते तिच्या हातचं घेत नाहीयेत. त्यांना भीती वाटते तिची. मी गाडी घेऊन येतेय."

ती दुपारी आली. गाडीत मागे गादी घातलेली, उशा आणलेल्या. दारात सून उभी होती. तिला ओलांडून ती आत गेली, बापाच्या गालाला गाल लावला आणि रडली. म्हाताऱ्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. जीभ सुकून लाकूड झाली होती, ओठांची सालं निघाली होती.

"कधीचे बदलले नाहीत हे कपडे?" तिने विचारलं.

"गरजच पडली नाही, ताई. आज जरा ओलं वाटतंय. करते मी."

"नको. मी करते. इतके दिवस बघितलं तुमचं करणं."

सुनेने घमेलं पुढे सरकवलं आणि मागे सरकली. नवरा दाराआड उभा होता. लेकीने बाह्या सारल्या आणि पांघरुणाला हात घातला.

टिचकी वाजली. हलकी, पण वाजली. मग दुसरी.

"काय हवंय, बाबा?" लेक म्हणाली.

पुन्हा दोन. आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुनेचा हात आपोआप उठून भिंतीवरच्या कोऱ्या पट्टीवर गेला. तिथे बटण नव्हतं. तिचं बोट तिथेच थांबलं आणि तिने ते चटकन खाली घेतलं. पण लेकीने बघितलं होतं. तिने पट्टीकडे बघितलं, लोखंडी खोक्याकडे बघितलं, मग बापाच्या बोटाकडे. पांघरूण बापाने दुसऱ्या टोकाने धरून ठेवलं होतं. त्याला धरायला जोर राहिला नव्हता, तरी धरलं होतं.

"हे ते सांगायचे?" तिने विचारलं. तिचा आवाज फाटला. "बंद कर म्हणून? मला?"

सून गप्प राहिली. तिने शब्द दिला होता.

लेकीने पांघरूण सोडलं, त्याच्या हातावर थोपटलं. मग स्टूल ओढून त्यावर चढली, दोन्ही हातांनी कॅमेरा धरून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि बापाकडे न बघता बाहेर जाऊन तुतीच्या बुंध्यावर बसली. पाठमोरी.

गाडी रिकामीच परत गेली, लेक राहिली. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. नेऊन सलाईन लावता येईल म्हणाले, पण मूत्रपिंडं गेलीत, आता नेण्यात फक्त त्यांचे हाल आहेत. लेकीने बापाला विचारलं, "जायचं का, बाबा?" त्याने घराच्या भिंतीवर तळहात टेकला. तेवढं पुरलं. आता तो सुनेच्या हातून चमचाभर पाणी घ्यायचा, पण शरीराला त्याचं काही करता येत नव्हतं.

ते दिवस घर एका वेगळ्याच शिस्तीने चाललं. भाऊ एकटाच शेतात राहिलेला बटाटा काढायचा, त्यातला निम्मा फेकायचा. लेक बापाच्या उशाशी बसून जुन्या गोष्टी सांगायची, त्याच्या तुटक्या नखाला तेल लावायची. आणि दोन टिचक्या वाजल्या की तिला कुणी सांगावं लागायचं नाही. ती उठायची, दार ओढून घ्यायची, बुंध्यावर जाऊन बसायची. आत सून आपलं काम करायची. मग बाहेरून आवाज यायचा, पूर्वीसारखाच, पण आता त्यात हुकूम नसायचा. "झालं का, वहिनी?" आणि सून म्हणायची, "झालं, ताई. या."

एके दिवशी म्हातारा सकाळपासून कुठेतरी लांब बघत होता. दुपार कलली. श्वास थांबून थांबून येत होता. लेक त्याचा हात हातात घेऊन बसली होती. त्याने तो हळूच सोडवून घेतला आणि पलंगाच्या कडेवर नेला. नखाचा जेमतेम आवाज झाला, एकदा, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा.

लेक उठली. दार ओढून बाहेर गेली.

सुनेने घमेलं ओढलं, गुडघा पलंगावर रोवला आणि पांघरूण उचललं. कापड कोरडं होतं. सगळंच कोरडं, स्वच्छ, सकाळी केलं तसं. तिने गोंधळून सासऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि मग तिला कळलं की या वेळी त्याला लेकीला काय दाखवायचं नव्हतं.

तिला हाक मारावीशी वाटली. लेक होती ती, दाराबाहेर चार पावलांवर होती, पुढे जन्मभर विचारणार होती. सुनेने तोंड उघडलं सुद्धा. म्हाताऱ्याच्या डाव्या हाताने तिचं मनगट शोधलं. आता वळ उठतील एवढा जोर त्यात नव्हता. तिने पांघरूण पुन्हा छातीपर्यंत ओढलं, पलंगावर बसली आणि दुसऱ्या हाताने त्याचे केस विंचरायला लागली.

बाहेर ऊन उतरलं होतं. श्वास आला, गेला, मग बराच वेळ आला नाही.

"झालं का, वहिनी?" बुंध्यावरून लेकीने विचारलं.

मनगटावरची बोटं अजून गरम होती.

"थोडं थांबा, ताई," सून म्हणाली.